कंदील विकायचा नव्हता

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला आम्ही सारे भिंगकाका म्हणतो. माझे कार्यालय त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असल्याने दुपारचा चहा आम्ही बहुधा एकत्र घेतो. घासलेली काच फ्रेममध्ये बसवण्यापूर्वी ते ती दोनदा उजेडापुढे धरतात. एकदा कामासाठी आणि एकदा, त्यांच्याच शब्दांत, मनाच्या समाधानासाठी.

अशा माणसाला मोबाइलवरच्या खेळाचा नाद लागावा, याचे अनेकांना नवल वाटते. तो नाद मुळात काकूंचा. दुखण्याने अंथरूण धरले तेव्हा त्या एका ऑनलाइन खेळात रमल्या. तिथे धातू वितळवायचे, वस्तू घडवायच्या आणि खेळाडूंच्या बाजारात खेळातल्याच मोहरांना विकायच्या. काकूंनी जीव ओतून एक तांब्याचा कंदील घडवला. घडवणाऱ्याचे नाव वस्तूवर कायम राहते. कंदिलाच्या तळाशी काकूंचे खेळातले नाव होते, ‘साळुंकी’.

कंदील विकायचा नव्हता, पण मिरवायचा होता. त्या बाजारातल्या दर्शनी फळीवर काही मांडायचे तर किंमत लावावीच लागते. म्हणून काकूंनी रकान्यात मावेल ती सर्वांत मोठी किंमत टाकली. “आता घेऊ दे कुणाला घ्यायचा तो,” त्या म्हणाल्या होत्या. पुढे काकू गेल्या. त्यांचे खेळातले खाते काका चालवू लागले. कंदील फळीवर राहिला. अनोळखी माणसे तो पाहायला येत आणि दोन चांगले शब्द लिहून जात. काका ते मला वाचून दाखवत.

काकांचे साडू, म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, याच खेळात होते. त्यांना तो काकांनीच शिकवला. कुणाच्या हातून चुकून कमी किंमत पडली की ती वस्तू झडप घालून उचलायची आणि चढ्या भावाने विकायची, हा तिथल्या पुष्कळांचा उद्योग. त्यांना खेळात ‘बगळे’ म्हणतात. काका मात्र अशी वस्तू दिसली की आधी मालकाला निरोप धाडत : ‘किंमत पुन्हा पाहा.’

“दादा, तुम्ही बाजारात आलात की देवळात?” साडूंनी एकदा माझ्यादेखतच विचारले. “चुकणाऱ्याची चूक, बघणाऱ्याचं नशीब.”

“घासाघीस वेगळी, घसरलेलं बोट वेगळं,” काका म्हणाले. “कुणाचा खिसा फाटला तर खाली ओंजळ धरशील?”

“कुणाचा आहे त्यावर ठरवीन,” साडू म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो.

मांडलेल्या वस्तूची मुदत संपली की ती फळीवरून उतरते. पुन्हा मांडावी लागते. एका सकाळी काकांनी वातींची जुडी विक्रीला लावली आणि लगोलग कंदील. किमतीच्या रकान्यात आधीचा आकडा तसाच राहतो, हे त्यांना ठाऊक होते. पण बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होते आणि ती एक गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा उजेडापुढे धरली नाही. कंदील वातींच्या भावात गेला. घेणाऱ्याचे नाव होते ‘उत्तरवारा’.

काकांनी त्याला लिहिले : ‘हा माझ्या बायकोने घडवला होता. ती आता नाही. मागाल ते देतो, परत द्या.’

उत्तर आले : ‘वाचून बटण दाबावं.’

साडूंना हे कळले तेव्हा ते मुद्दाम दुकानात आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवून बसले. “माणसं हलकट असतात, दादा. मनाला लावून घेऊ नका.” काकांना त्या हाताचा फार आधार वाटला, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

थोड्याच दिवसांनी साडू स्वतःच्या डोळ्यांची तक्रार घेऊन आले. जवळचे पुसट दिसत होते. मी बाकावर चहा पीत होतो.

“रोज काय वाचतोस ते वाच,” काका म्हणाले. “मोबाइल धर हातात. मी अंतर बघतो.”

साडूंनी सवयीने खेळातले निरोप उघडले. काका पट्टी घेऊन त्यांच्या शेजारी वाकले आणि तसेच राहिले. पडद्यावर त्यांचेच वाक्य होते. ‘हा माझ्या बायकोने घडवला होता.’ वरच्या कोपऱ्यात खात्याचे नाव : उत्तरवारा.

साडूंनी मोबाइल पालथा घातला. “दादा, माझा प्रोग्राम स्वस्त पडलेलं आपोआप उचलतो. मी बघितलंसुद्धा नव्हतं.”

“निरोप तर बघितलास.”

“परत देणारच होतो.”

“दे.”

“विकला.” साडू उसने हसले. “खेळच आहे हो शेवटी. आणि किंमत तुम्हीच लावली होती ना?”

कुंपणानेच शेत खाल्ले, असे आमच्याकडची जुनी माणसे म्हणत. ते मला आठवले. काका सरळ झाले. साडूंच्या हनुवटीला बोट लावून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला, पट्टी नाकावर टेकवली, दोन्ही बुबुळांमधले अंतर मोजले आणि मनाच्या समाधानासाठी पुन्हा एकदा मोजले.

“चष्मा तयार झाला की कळवू,” ते म्हणाले. “पावती होईपर्यंत आपण बसा.”

“दादा, ‘आपण’ काय म्हणताय मला?”

काकांनी पावतीपुस्तक पुढे ओढले, पेनाचे टोपण काढले.

“पावतीवर कोणतं नाव घालू?”