लोरिसचा नमस्कार

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईची काशीत डाळ शिजत नाही. इथे प्राण्यांना माणसांहून जास्त मान आहे. फक्त त्यांच्याविषयी कोणी माहिती सांगू लागलं की तो देवाचा अपमान वाटतो. लग्न होऊन दूधविनायक मोहल्ल्यात आले तेव्हापासून गल्लीत मी ‘बंदरवाली मैडम’ आहे. कॉलेजात मी शिकवते ते नरवानर गणातले चिमुकले, रात्री हिंडणारे, झाडावरून सहसा न उतरणारे प्राणी. पण गल्लीला त्याचं काय! छतावरच्या माकडाने कोणाचा चष्मा पळवला की माझंच दार वाजतं.

त्या कार्तिकात नणंदेचे यजमान जाळीची एक फळांची टोपली घेऊन आले. ते रेल्वेत आहेत. आसामकडून आलेल्या गाडीत बाकाखाली ती बेवारस सापडली होती. स्टेशनवर रीतसर नोंद झाली, वनखात्याला फोन झाला, आणि तोवर हे सांभाळणार कोण असा प्रश्न आल्यावर त्यांनी छातीठोकपणे माझं नाव सांगितलं.

“वहिनी, मांजरीचं पिल्लू आहे वाटतं. पण एकदम सीधं आहे हो. आवाजसुद्धा नाही करत.”

मी कापड बाजूला केलं. आत लोकरीच्या गुंड्यासारखं काहीतरी, डोकं मांड्यांत खुपसून बसलेलं. लोरिस! मी शिकवते त्या नरवानरांतलाच एक. पुस्तकातली चित्रं दाखवण्यात माझी निम्मी नोकरी गेली, जिवंत लोरिस कधी पाहिला नव्हता. शेपूट असून नसल्यासारखी, पाठीवरून काळपट पट्टा, आणि टोपलीच्या काडीला धरलेली मूठ अशी की सोडवायला गेलं असतं तर काडीच हाती आली असती. त्याने हळूच मान वर केली. अंधारात बघण्यासाठी घडलेले ते वाटोळे डोळे ट्यूबलाइटच्या उजेडात मिटत होते.

मला एवढंच हवं होतं, की हा जीव तगावा आणि परत आपल्या झाडावर जावा. मी वनखात्याला पुन्हा फोन केला. बाहेर कुठल्याशा गावात बिबट्या शिरला होता, सगळी माणसं तिकडे. “मैडम, दो-चार दिन देख लीजिए.” बिबट्यापुढे आमच्या किलोभर जिवाची काय पत्रास! टोपली मी मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि घरात सगळ्यांना बजावलं, की तिकडे कोणी फिरकायचं नाही.

बजावलेलं मामंजींना लागू होत नाही. माझे सासरे जन्मभर ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत वेद शिकवत होते. आता गुडघ्यांमुळे घरी असतात. माणूस कसा आहे हे ते त्याच्या नमस्कारावरून ठरवतात, आणि हल्लीची पोरं गुडघ्यापर्यंतच वाकतात यावर ते तासभर बोलू शकतात. संध्या करायला पळी आणायची म्हणून ते त्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले, “सूनबाई, इकडे ये. हा बघ!”

लोरिस टोपलीत उभा राहिला होता. दोन्ही हात वर, मस्तकावर जोडलेले, मान जराशी झुकलेली. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

“असा नमस्कार मला कित्येक वर्षांत कोणी केला नाही.”

मी समजावून सांगितलं. या प्राण्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. जिवावर बेतलं की तो हात डोक्यावर नेतो, म्हणजे तोंड ग्रंथीपाशी येतं, आणि तिथला रस लाळेत मिसळला की विष तयार होतं. मग तो चावतो. माणसाचा हात सुजून येतो, एखाद्याच्या जिवावरही बेततं. आई चरायला जाताना हाच रस चाटून पिल्लाच्या अंगाला लावते, आपण तान्ह्याला तीट लावतो तसा. शेवटी मी म्हणाले, “हा नमस्कार नाही मामंजी. जवळ आलात तर चावेन, असं म्हणतोय तो.”

मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “असेल,” ते म्हणाले. “पण हात जोडून म्हणतोय ना?”



खाण्याचा प्रश्न निराळाच. आमच्याकडे कार्तिक संपेपर्यंत कांदासुद्धा येत नाही, आणि पाहुण्याला लागतात किडे. सुदैवाने कार्तिकात दिव्यांवर किड्यांची कमी नसते. तिन्हीसांजेला मी घाटावर आकाशदिवे बघायला म्हणून जायची आणि पिशवीत नाकतोडे घेऊन यायची. लोरिस एरवी इतका सावकाश, की त्याने हात उचलला हे हात पोहोचल्यावर कळायचं. पण नाकतोडा दिसला की एका झडपेत दोन्ही मुठींत. जंगलात हा खालच्या पुढल्या दातांनी झाडाची साल खरवडून डिंक खातो. म्हणून मी लाडवांसाठी आणलेला डिंक भिजवून ठेवला, शिवाय डिंक सुटलेली बाभळीची फांदी मिळवून टोपलीत टाकली. भिजवलेला डिंक त्याने चाटून संपवला. फांदीला तोंड लावलं नाही. परक्या जागेत बुजला असेल, असा मी अर्थ काढला.

“हा फलाहारी आहे ना?” मामंजींनी विचारलं.

“बहुतेक,” मी म्हणाले.

बातमी फुटली ती नणंदेकडूनच. शेजारची आजी दारात उभी. “ए दुलहिन, तनी दरसन करा दा.” मी नाही म्हणाले. मामंजींनी हो म्हटलं. तिच्यामागून आणखी चौघीजणी आल्या. टोपलीतले हात वर गेले आणि बाहेरचे हात जोडले गेले. मग रोजच रांग. जितकी गर्दी जास्त तितका तो घाबरायचा, जितका घाबरायचा तितके हात ताठ, आणि जितके हात ताठ तितकी लोकांची भक्ती दाट. मोबाइल आत न्यायचा नाही हा माझा एकच नियम, आणि तो प्रत्येकजण आपल्याला सोडून इतरांना समजावायचा. छतावरच्या माकडांना सकाळी काठीने हाणणारी माणसं इथे डोळे मिटून उभी राहत होती.

मी दाराशी उभी राहून मराठीत आणि हिंदीत ओरडत होते, “जहरीला है, दूर रहिए!” तेव्हा घाटावरचे एक पंडाजी कुंकवाचं बोट पुढे करून सरळ त्याच्या कपाळाकडे गेले. लोरिसने ते बोट तोंडात धरलं. मी किंचाळले. पंडाजींनी बोट बाहेर काढलं, उजेडात फिरवून दाखवलं. नुसतं ओलं झालं होतं.

“देखा? आशीर्वाद दिया है,” ते म्हणाले.

त्या क्षणी माझी सगळी डिग्री पाण्यात गेली. मलाही कळेना. पुस्तकात तर असं नव्हतं. मामंजींनी त्या दिवशी जेवताना भात दुसऱ्यांदा मागून घेतला. पुढे म्हणाले, “सूनबाई, याला इथेच राहू दे की. काशीत आलेल्याला कोणी बाहेर काढतं का?”

“तो काशीला आला नाही मामंजी. त्याला कोणीतरी विकायला नेत होतं.”

“ते कारण झालं. आला तर खरा.”

मला राग आला आणि त्यांची दयाही आली. सासूबाई गेल्यापासून नमस्काराचा विषय सोडला तर मामंजी कोणाशी चार शब्द बोलत नव्हते. आता त्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून ते टोपलीला आपल्या विद्यार्थीदशेच्या गोष्टी सांगत. आणि टोपलीतला जीव दिवसेंदिवस खंगत होता. दिवसा झोपायचं ते दर्शनात, रात्री हिंडायचं ते टोपलीत. नाकतोड्याकडेही बघेनासा झाला. मी वनखात्याला इतके फोन केले, की पलीकडचा माणूस माझा आवाज ओळखून आधीच बिबट्याची खबर द्यायचा.

शेवटी बिबट्या सापडला आणि आमचा नंबर लागला. सकाळी वनखात्याचा डॉक्टर दोन माणसांसह आला. मामंजी उंबऱ्यावरच बसून होते. डॉक्टरने जाड हातमोजे घातले, त्याच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून बॅटरीवर लाल कागद लावला आणि हलक्या हाताने लोरिसला मानेपाशी धरून त्याचा खालचा ओठ वाकवला.

“मैडम, इसके दाँत काट दिए हैं. नेलकटर से काटते हैं ये लोग, बेचने से पहले. कि ग्राहक को काटे नहीं.”

मी वाकून पाहिलं. पुढल्या दातांच्या जागी खुंट होते आणि हिरडी काळीनिळी. बाभळीची फांदी का राहिली ते मला तेव्हा कळलं. पंडाजींचं बोट कसं वाचलं तेही.

“जंगल में तो अब नहीं छूट पाएगा,” डॉक्टर म्हणाला. “गोंद नहीं खुरच सकता, अपने को बचा नहीं सकता. पिंजरे में रहेगा. जी जाए तो.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून मी सगळं पुन्हा मराठीत सांगितलं.

“म्हणजे तो चावायचाच प्रयत्न करत होता,” ते म्हणाले.

“हो.”

“रोज? मलासुद्धा?”

“हो मामंजी.”

“आणि चावता येत नव्हतं.”

मामंजी उठले, खुंटीवरचं आपलं धूतवस्त्र काढलं आणि टोपलीवर दुहेरी घातलं. सोवळ्याचं वस्त्र, आम्हांला त्याला शिवायची परवानगी नसते.

गल्लीत तोवर सगळे गोळा झाले होते. शेजारच्या आजी, पंडाजी, दुकानातली माणसं, वर खिडक्यांतून बायका. डॉक्टरच्या माणसाने टोपली उचलली, दाराच्या चौकटीत ती अडकून हिसका बसला आणि वस्त्र घसरलं. भर उन्हात लोरिस उभा राहिला. हात वर गेले. सगळ्या गल्लीने हात जोडले. कोणीतरी जयजयकार सुरू केला.

“हाथ नीचे करा सब जने!”

तो आवाज पाठशाळेतला होता. मामंजी माझ्या खांद्याला धरून दारात उभे होते.

“नीचे करा. डेरायल हौ ऊ. नमस्कार नाहीं करत हौ, डेरायल हौ.”

तो घाबरलाय, एवढंच त्यांनी गल्लीच्या बोलीत सांगितलं. मी इतके दिवस दोन भाषांत ओरडूनही कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या एका हाकेसरशी गल्ली गप्प झाली. आधी आजींचे हात खाली आले, मग पंडाजींचे, मग खिडक्यांतले. टोपली पुढे गेली. तिच्यातले दोन हात तेवढे वरच होते.