तळहातावरचा उसिरु

येसाजी मिस्त्री कंप्रेसरची गळती शोधायचा, पण 'गळती' हा शब्द काही त्याच्या तोंडी नसे. गळतं ते पाणी, असं तो म्हणे. हवेचा उसिरु जातो. उसिरु म्हणजे श्वास. शब्द कानडी, पण येसाजीच्या घराण्याला परका नव्हता. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं कर्नाटकात आलेली ही माणसं. तलवारी गंजून गेल्या, मराठी राहिली, आणि तिच्यात कानडी असं मुरलं की कुठला शब्द कुणाचा हे घरातल्यांनाही सांगता आलं नसतं. येलहंक्याच्या त्याच्या दोन खोल्यांत हा शब्द दिवसातून दहादा निघे, कारण बायको सुचेता दम्याची. "आज उसिरु कसा हाय?" हाच त्या घरचा सकाळचा रामराम. धाप लागली की म्हणायचं, उसिरु लागला.

शहाण्णव सालच्या जानेवारीत थंडीनं सुचेताचा दमा उसळला. तोंडात मारायचा औषधाचा पंप संपत आला होता आणि येलहंक्यात मिळेना. येसाजी सकाळच्या पहिल्या बसनं बेंगळुरातल्या शिवाजीनगरला गेला. दुकान उघडताच पंप घेतला, शर्टाच्या खिशात टाकला, वर बटण लावलं. शेजारच्या गल्लीतनं रबरी वायसर घेतले, कारण देवनहळ्ळीचं काम ठरलेलं. तिथं शेतं मोडून घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडत होता. खडकाला भोकं पाडायला ट्रॅक्टरवर बसवलेला कंप्रेसर आणला होता, आणि चार दिवस तो हवाच धरत नव्हता. लेआउटवाल्यांचा ड्रायव्हर खंडोजी जीप घेऊन तिथंच न्यायला आला.

येलहंक्याच्या फाट्यावर खंडोजीनं जीप हळू केली. "अण्णा, घरात डोकावून येतोस काय? अक्काचं औषध देऊन टाक. दहा मिन्टं."

"येताना देतो. बाराला मोकळा होतोय मी. आता गेलो की उप्पिट खा म्हणेल, कॉफी घे म्हणेल. चल तू."

"सरी, बरं तर," म्हणत खंडोजीनं गिअर टाकला.

साइटवर सुपरवायझर होता उल्हास, पुण्याचा. बेंगळुरात येऊन तीन महिने झालेले, मजुरांशी हिंदीत झटापट करून घसा बसलेला. येसाजी मराठी बोलतो म्हटल्यावर त्याला माहेरचं माणूस भेटल्यागत झालं.

येसाजी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चालू करा. शंभर पौंड हवा भरू दे, मग इंजिन बंद. उसिरु कुठनं चाललाय ते बघू."

"उशीर तर झालाच आहे हो मिस्त्री! चार दिवस काम बंद. साहेब रोज फोनवर माझी आरती ओवाळतात."

खंडोजी खो खो हसला. येसाजीही हसला. शब्द दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

इंजिन बंद झालं आणि काटा शंभरावरनं सरकायला लागला. दहा मिनिटांत साठ. येसाजीनं साबणाचा फेस केला, ब्रशनं एकेक सांधा माखला. नळीच्या कपलिंगवर बुडबुडे उठले. वायसर बदलला. टाकीखालच्या पाणी सोडायच्या कॉकवर एक बारीक बुडबुडा, तोही बसवला. पुन्हा शंभर भरले. काटा पुन्हा खाली. आता मात्र फेस कुठंच फुगेना.

"आता?" उल्हास म्हणाला.

"आता हा मागच्या दारानं पळतोय." येसाजीनं हवा आत ओढायच्या तोंडावरचा फिल्टर उघडला. तळहात जिभेनं ओला करून त्या तोंडावर धरला, डोळे मिटले. बंद पडलेलं यंत्र त्याच्या हातावर श्वास सोडत होतं. थंडगार, बारीक, एकसारखा. टाकीत गेलेली हवा मागं फिरू न देणारी झडप आणि कंप्रेसरच्या डोक्यातली झडप, दोन्ही काजळीनं उघड्या राहिल्या होत्या.

"सापडला गा," तो म्हणाला.

टाकी रिकामी केली, झडपा काढल्या, रॉकेलमध्ये टाकल्या. काचेवर पेस्ट पसरून तो एकेक झडप गोल गोल घासत होता. अकरा वाजले असतील. उल्हास पत्र्याच्या ऑफिसातनं आला.

"मिस्त्री, तुमच्या घरून फोन. वीणा म्हणून कुणी. लाइन खरखरत होती, मधेच तुटली. उशीर होतोय, अण्णांना पाठवा म्हणाल्या."

वीणा म्हणजे शेजारीण. जाताना येसाजी तिलाच साइटचा नंबर देऊन गेला होता. त्यानं मान वर केली नाही. "आत्ताशी अकरा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आमच्या हिचं 'उशीर होतोय' काय संपंना! आता वीणाच्या तोंडानं बोलायला लागली." आणि घासत राहिला. घाईनं बसवलेली झडप महिन्यात परत उघडते. असलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

सव्वाबाराला काटा शंभरावर उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खिळा मारल्यागत.

"वा!" उल्हास खूश झाला. "आता घरी सांगा, उशीर लागला पण काम चोख झालं."

"लागला?"

"फोनवर त्या बाईच तसं म्हणाल्या ना. उशीर लई लागलाय. आम्ही पुण्यात उशीर 'झाला' म्हणतो. म्हटलं, तुमच्याकडं लागत असेल."

येसाजीच्या हातातला पाना खाली पडला. "लई लागलाय म्हणाली?" त्याचा काळा हात आपोआप खिशावर गेला. बटण लावलेलंच होतं.

खंडोजीला कळलं. तो जीपकडं पळत सुटला होता. उल्हास एकाचं तोंड बघे, दुसऱ्याचं बघे.

फाट्यावर जीप घराकडं वळवताना खंडोजीनं येसाजीकडं पाहायचं टाळलं.

दारात चपला होत्या. इतक्या चपला त्या घराच्या दारात कधी नसत.

"अर्धा तास वाट बघितली रे अण्णा," वीणा भिंतीला धरून म्हणाली. "फोन घेतलेला माणूस मराठी होता, म्हटलं समजलं असेल. निघालाच असशील म्हटलं. मग रिक्षा आणली. डॉक्टरच्या दारापर्यंतसुद्धा..." तिनं आतल्या खोलीकडं बोट केलं.

सुचेताला भिंतीकडं डोकं करून निजवलं होतं. ओठ निळसर. उशीपाशी रिकामा पंप. येसाजी गुडघ्यावर बसला. त्यानं तळहात जिभेनं ओला केला, रॉकेलची चव आली, आणि तो तिच्या नाकाशी धरला. डोळे मिटले. भोवतीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बराच वेळ तो तसाच बसला. शेवटी खंडोजीनं त्याचं मनगट धरून हात खाली घेतला.

दहाव्याचं झाल्यावर उल्हास आला. तोवर खंडोजीनं त्याला शब्दाचा अर्थ सांगितला होता. उंबऱ्याशीच उभा राहिला, आत येईना. येसाजीनं पाट सरकवला, वीणानं कॉफी आणून ठेवली.

"मला कळलं नाही हो मिस्त्री. खरंच. मी तुमच्या पाया..."

"बसा. फाट्यावरनं पुढं मी गेलो, तुमी न्हाई." येसाजी जमिनीकडं बघत बोलत होता. "आणि निरोप तुमी चुकीचा न्हाई सांगितला. उशीरच झाला हुता."

कॉफीवर साय धरली. कुणी पेला उचलला नाही. येसाजीनं विचारलं, "कंप्रेसर कसा हाय?"

"चालू आहे."

"बंद केल्यावर काटा?"

"शंभरावर. रात्रभर हलत नाही."

"सरी," येसाजी म्हणाला, आणि आपला रिकामा तळहात धोतराला पुसला.