जगदेवच्या तीन मडक्यांतलं कांद्याचं बी

१९३५च्या आसपास किन्हीराजा गावच्या दौलतरावांचा जगदेव वाशीमच्या हायस्कुलात शिकत होता. ओळखीचे लोक त्याला जरा टाळतच. पोरगा वाईट नव्हता, पण भेटला की काहीतरी विचारायचा. स्टेशनमास्तरांना विचारायचा, तारेतल्या कटकटीतून अक्षर कसं ओळखता. गुरवाला विचारायचा, देवाला फोडलेला नारळ नासका निघाला तर दोष कोणाचा. हा एक तर मोठा माणूस होईल नाहीतर मार खाईल, असं हेडमास्तर म्हणत.

कॉलेजात जायचं हे त्यानं नववीतच ठरवलं. दौलतरावांचा नकार नव्हता, पण त्यांच्या ज्वारी-कपाशीवर घर चालायचं, कॉलेज नव्हे. म्हणून जगदेव वाशीमबाहेर उत्तमराव माळ्यांच्या मळ्यात राहिला. शाळेआधी मोट हाकायची, वाफ्यांना पाणी फिरवायचं. बदल्यात खोपी, भाकर आणि कांद्याचे दोन वाफे त्याचे स्वतःचे. ते वाफे बियाचे होते. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना पांढरे गोंडे येतात, ते वाळले की चोळून काळं बी काढायचं. पोतंभर कांद्यानं मिळत नाही ते मडकंभर बियानं मिळतं.

जगदेवनं मात्र ते विकलं नाही. इथं त्याचं डोकं चाललं आणि जरा जास्तच चाललं. रोकड घरी नेली तर बैल तरी येणार, नाहीतर बहिणीचं लग्न तरी निघणार. कांद्याचं बी कोण उसनं मागतो? शिवाय घरची ज्वारी जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षं राहायची आणि थांबली की भाव खायची. मग दरवर्षीचं बी नव्या मडक्यात भरायचं, तोंड शेणानं लिंपायचं आणि आई मनकर्णाबाईंच्या उतरंडीमागं ठेवून यायचं. नववीचं एक, दहावीचं एक, मॅट्रिकचं एक. उत्तमरावांना वाटे, पोरगा बी विकून पैसे जमवतो आहे.

मॅट्रिक पास झाल्यावर जगदेवनं तिन्ही मडकी बैलगाडीतून मळ्यात आणली आणि मोठ्या ऐटीत सालवार ओळीनं मांडली. उत्तमरावांनी एकेकाचं लिंपण काढून आत पाहिलं.

"कांद्याचं बी एका सालाचं असते, पोरा. मंग थे मरते. साऱ्या दुनियेले इचारत फिरतं, मले काहून नाई इचारलं?"

आपली युक्ती कोणाला कळू नये, एवढंच त्यानं तीन वर्षं पाहिलं होतं. त्याला फार लाज वाटली. तरी विश्वास बसेना. तिन्ही बिया सारख्याच काळ्या, सारख्याच टणक. त्यानं प्रत्येक मडक्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तीन तुकड्यांत गुंडाळले.

दुसऱ्याच दिवशी आसेगावची सीताबाई आली. तिचा भाजीचा मळा होता आणि तिला बी हवंच होतं. तिन्ही मडकी घेते म्हणाली. तिनं सांगितलेल्या भावात अमरावतीच्या कॉलेजची फी आणि वर्षाचं जेवण सुटत होतं. तिनं एकच विचारलं, "उगवन ना, बापू?"

उत्तमराव पाण्याच्या दांडातला गाळ काढत राहिले. 'हो' म्हणायला काय लागत होतं? बाईचे वाफे रिकामे राहिल्याचं कळेपर्यंत जगदेव अमरावतीत असता.

"मावशी, मलेच ठाव नाई," तो म्हणाला. "पाच रोजानं या, संगच पाहू."

सहाव्या दिवशी सकाळी तिघांनी मिळून गोणपाट उघडलं. यंदाच्या बियातले चौऱ्याऐंशी दाणे फुटले होते, मागल्या सालचे एकोणीस, सगळ्यांत जुन्यातला एकही नाही. जगदेवला रडू आलं. रडता रडता त्यानं ते एकोणीस दाणे पुन्हा मोजले. हेच का उगवले आणि बाकीचे का नाही, ते त्याला डोळे पुसून पाहायचं होतं.

सीताबाईनं एकच मडकं नेलं, पुरा भाव दिला. त्यात कॉलेज बसत नव्हतं. बरोबरची मुलं गेली आणि जगदेव वर्षभर मोट हाकत राहिला. वाईट वाटायचं, पण प्रश्न काही थांबले नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात मात्र आसेगावपासून जऊळक्यापर्यंतची गिऱ्हाइकं मळ्यात आली. उगवून दाखवल्याशिवाय बी न विकणारा पोरगा इथं आहे, असं सीताबाईनं बाजारोबाजार सांगितलं होतं. त्या सालचं बी चढ्या भावानं गेलं आणि कॉलेजची सोय झाली.

आता तो निघाला तो अमरावतीला नव्हे, नागपूरच्या शेतकी कॉलेजात. स्टेशनवर उत्तमरावांनी त्याची ट्रंक उचलायला हात लावला, तर झाकण उघडलं आणि कपड्यांवर एक पुरचुंडी दिसली. आत सगळ्यांत जुनं बी होतं.

"मेलेलं बी कायले नेऊन राह्यला?"

"कॉलेजात इचारासाठी, मामा," जगदेव म्हणाला. "या खेपेले आदी इचारतो."