ओठ कुंदाचे, आवाज भलतीचाच

कुंदा गेल्याचं मला आधी घरून कळलं नाही, मोबाइलवर फिरत आलेल्या सिनेमाच्या एका तुकड्यातून कळलं. माझ्या मावशीची एकुलती एक मुलगी ती, माझ्याहून थोडी लहान. मी भंडाऱ्याला घरी भाजी निवडत बसले होते. उघडून पाहिलं तर तेव्हाची, पंधरा वर्षांची कुंदा पेटीपुढे बसून बोलते आहे आणि खाली लिहिलंय, 'गोड आवाजाची बालकलाकार हरपली'. मावशीचा फोन त्यानंतर आला. डोक्यातली नस फुटली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो संताप. त्या तुकड्यातला गोड आवाज कुंदाचा नव्हताच! महिना होत आला, तो संताप उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आंधळगावात कोशाचं रेशमी कापड विणणारं त्यांचं घर. मावसाजी दिवसभर मागावर असत आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली की दंडारीच्या खेळात पेटी वाजवत. त्यांचं बघून कुंदा पेटी शिकली, आणि गळा तर तिला जन्मतःच होता. जरासा जाड, शेवटी किंचित खरखरणारा. सिनेमावाले आले ते अशाच एका मुलीची गोष्ट घेऊन. बापाकडून पेटी शिकायचा हट्ट धरते, बाप नाही म्हणतो, ती मोठी होत जाते, गाणारी होते. दिग्दर्शकाने कुंदाला शाळेत ऐकलं आणि तिलाच घेतलं. "संवादाचे कागद ठेव बाजूला, तू घरी बोलतेस तसंच बोल," म्हणाला. पोरगी हरखून गेली. मला म्हणाली, "ताई, आपली बोली सिनेमात येऊन राहिली! तो म्हणे, मले हेच पायजे."

भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये आम्ही दोन जीप भरून गेलो. पडद्यावर कुंदाने तोंड उघडलं आणि बाहेर आला कुणा दुसरीचाच आवाज. गाणीही दुसरीचीच. बोटं तेवढी हिची राहिली. बरं, शुद्ध मराठीत बोलवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यांना गावरान चव हवी होती ना! म्हणून सिनेमातली मुलगी बापाला विचारते, "काहून बे, बाबा?" आमच्याकडे 'बे' म्हणतात ते दोस्तादोस्तांत. बापाला म्हटलं तर थोबाडीत बसेल. हे मुंबईत बसून कुणाला कळणार? अख्खी टॉकीज खो खो हसली. अंधारात कुंदाने माझा हात घट्ट धरला. "ताई, मी असं म्हटलंच नाई... तू सांग ना लोकायले." मी कुणाकुणाला सांगणार होते?

सिनेमाचं कौतुक झालं, भाषेचंसुद्धा. 'मातीचा अस्सल गंध' असं कुणीतरी लिहिलं, ते वाचून माझं डोकं फिरलं होतं. आणि गावात? कुंदा विहिरीवर गेली, बस थांब्यावर उभी राहिली, की मागून आवाज यायचा, "काहून बे, बाबा?" पुढे एका मंडईच्या नाटकात ती पहिल्यांदा गायला उभी राहिली. सूर लावला, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गाय ना बे, बाबा!" मांडव हसला. तिने गाणं पुरं केलं, एकही सूर हलू दिला नाही. पण ते शेवटचं. त्यानंतर ती नाटकांत ऑर्गन वाजवायची, गायचं दुसऱ्यांनी. सिनेमाने तिची बोटं ठेवून घेतली होती आणि गळा टाकून दिला होता. तिनेही मग तसंच केलं... सिनेमातली मुलगी शेवटी भरल्या सभागृहात गाते. ते दृश्य लागलं की आजही लोक डोळे पुसतात म्हणे. पुसोत बापडे.

तेराव्यानंतर मी नंबर शोधून दिग्दर्शकाला फोन लावला. त्याने आधी श्रद्धांजली वाहिली, छान शब्दांत. मी विचारलं, शूटिंगच्या वेळचा तिचा मूळ आवाज असेल ना कुठे? घरात तेव्हा साधा मोबाइलही नव्हता, आणि नंतर तर ती निरोपसुद्धा टाइप करूनच पाठवायची. तो म्हणाला, "तो आम्ही ठेवला नाही, ताई. वापरायचा नव्हता ना." मी जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की त्याबद्दल मी माफी मागितलेली नाही.

परवा आंधळगावला गेले. मावसाजी कधीचेच गेले, मावशी एकटीच टीव्हीसमोर बसली होती. सिनेमा चालू होता, आवाज पार बंद केलेला. मला वाटलं, तिला बटण सापडत नसेल. मी रिमोट उचलला तर म्हणाली, "राहू दे. ते भवानी मले नाई ऐकाची." पडद्यावर कुंदाचे ओठ हलले आणि मावशी बोलू लागली, "बाबा, मले पेटी शिकवा ना. काहून नाई म्हणता? मी का तुमची नाई होय?" ओठांशी ओठ जुळत होते. शूटिंगच्या दिवसांत रोज चुलीपुढे बसून कुंदाने तिला हे सगळं म्हणून दाखवलं होतं, मावशीला ते पाठच होतं. मी रिमोट खाली ठेवला. पुढच्या प्रसंगात कुंदा पेटीवर हात ठेवून बापाकडे बघत काहीतरी लांबलचक बोलते. मावशीने सुरुवात केली, अडखळली, थांबली. पडद्यावर कुंदा बोलतच होती.

मावशी माझ्याकडे वळली. "इथं काय म्हणे व ते? मले आठवून नाई राहिलं... तुले आठवते काय?"

मलाही आठवत नव्हतं.