बाप परत येतो, असं मी सांगितलं

धाकटी सकाळी वारली. तिची थोरली बहीण दवाखान्याच्या ओट्यावर माझ्या शेजारी बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "मावशी, पुस्तकातला बाप किती दिवसांनी आला होता?"

पुस्तकातला बाप आलाच नव्हता.

तेव्हा मी जव्हारच्या एका वाचनालयात झाडलोट करायची. माझी शाळा चौथीपर्यंत. ग्रंथपाल संध्याकाळी यायचे. दुपारी पोरं आली की पुस्तकं मीच काढून द्यायची, आणि द्यायच्या आधी वाचायचीही, ओळीवर बोट ठेवून. त्या सुमारास नव्या तऱ्हेच्या कादंबऱ्या येत होत्या. कुणाचं गाव धरणात जातं, कुणाची आई मरते, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरावर सगळं घर येऊन पडतं. मोठी माणसं म्हणत, असलं रडगाणं पोरांना कशाला? पोरं मात्र तीच मागत. मीही तीच द्यायची. जिची आई गेलीय तिला राजा-राणीच्या गोष्टी काय कामाच्या?

थोरली नववीत होती. आई वारलेली. बाप भिवंडीला यंत्रमागावर गेला, त्याचा पत्ता नव्हता. ती आणि सहा वर्षांची धाकटी एका खोलीत राहायच्या, शेजारी जेवायला घालायचे. मी तिला एक कादंबरी दिली. त्यात बाप घर सोडून जातो आणि पोरगा भावंडांना सांभाळतो. पुस्तक चांगलं होतं. तसल्या पोराला मी आजही तेच देईन. फक्त आमच्या प्रतीची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. मी ती त्याआधी वाचलेली होती.

ती पुस्तक घेऊन धावतच आली. "मावशी, पुढं काय होतं? बाप येतो ना?"

मी कुलूप लावत होते. "येतो की," म्हटलं. खरं सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मला थांबावं लागलं असतं. दयाबिया काही नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा मामा त्र्यंबकहून दोघींना न्यायला आला. थोरली हटून बसली. "आम्ही गेलो आणि बाबा आले तर? कुलूप बघून परत जातील." मामा तिला घेऊन वाचनालयात आला.

"पोरीच्या डोक्यात हे तुम्ही भरवलंत?"

"पुस्तकात आहे, मामा," थोरली म्हणाली.

माझ्या हातातल्या केरसुणीकडे बघून तो हसला. "वा! आता झाडणाऱ्या बायका कादंबऱ्या समजावून सांगायला लागल्या."

तेव्हा बोलायला हवं होतं. पोरी, मी खोटं सांगितलं, मामाबरोबर जा. एवढंच. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. "लिहिलंय तेच सांगितलं," मी म्हटलं. "बाप येतो." पानं नव्हतीच, पडताळणार कोण?

थोरली ऐकेना, मामा एकटाच परत गेला. श्रावणात धाकटीला जुलाब लागले. थोरली तिला घरातच पेज पाजत राहिली. शेजाऱ्यांना कळलं तर ते मामाला बोलावतील, ही भीती. मला समजलं तेव्हा मी धाकटीला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाले. उशीर झाला होता.

ओट्यावर शेवटी मी थोरलीला खरं सांगितलं. तो बाप येत नाही. पोरगा त्याच्यावाचून मोठा होतो.

ती म्हणाली, "मग तसं सांगायचं ना, मावशी. मी तेही ऐकलं असतं."

पुढं मी वाचनालयात बरीच वर्षं होते. तसली पुस्तकं देत राहिले, पण कुणी शेवट विचारला की आहे तो सांगायची. त्यानं माझं ओझं काही कमी झालं नाही.

धाकटीला जव्हारलाच माती दिली. बाप आला नाही. मामा थोरलीला घेऊन गेला. ती जगली.