मावशींनी साफ केलेला वाफा

शेजारच्या मावशींची उभी हयात भरतकामाच्या कारखान्यात अंधूक दिव्यांखाली गेली. दिवे वाढवा म्हणून मी मालकाशी भांडलो, तर त्याने मलाच हाकललं.

वसंतातल्या त्या शनिवारी मावशी घरी क्रॉस स्टिचचं फूल भरत बसल्या. रविवारी त्यांनी नवऱ्याच्या माघारी माजलेला फुलांचा वाफा साफ केला. मी कुंपणापाशी होतो. त्यांची लेक कचऱ्याच्या ढिगाजवळ थबकली.

“आई, तण तसंच ठेवलंस आणि बाबांच्या कंदांचे कोंब उपटलेस?”

“हळू बोल, बये. उद्या कारखान्यात डोळे तपासणार आहेत. नापास झाले तर घरी बसवतील.”

मग त्यांनी भरतकाम माझ्यापुढे धरलं. “तुला खोटं जमत नाही. टाके सरळ आलेत ना?”

टाक्यांची एकेक फुली वेगळीकडे कलली होती. आजवर कुणाची भीड न ठेवलेला मी म्हणालो, “एकदम सरळ, मावशी.”