लगेच नका म्हणू

नको म्हणण्यात आपण पटाईत आहोत, असा माझा समज होता. पिंपळे सौदागरच्या त्या दुकानात मी फक्त फ्रिज घ्यायला गेलो होतो. विकणारा माणूस चाळिशीतला, बोलणं मराठवाड्याकडचं. चाकणच्या बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा तो फ्रिजवर हात फिरवत होता. आधी स्टँड दाखवला, मग कव्हर, मग स्टॅबिलायझर. मी नको, नको म्हणत राहिलो. वाढीव वॉरंटीचा विषय निघाला तेव्हा तो जवळ सरकला.

"दादा, नकोच म्हणा. पण लगेच नका म्हणू. वर कॅमेरा हाय, साहेब बघायलेत."

मला दया आली. हनुवटीला हात लावून मी विचारात पडल्याचं नाटक केलं, एकदोन शंकाही काढल्या. त्यानं इतकी मनापासून उत्तरं दिली, की नको म्हणायचं राहूनच गेलं. वॉरंटी घेऊन निघालो, पण आपण किती भले, या खुशीत.

परवा शेजारचे काका लिफ्टमध्ये भेटले. हातात त्याच दुकानाची पिशवी. नवा टीव्ही, स्टँड, साउंडबार, वाढीव वॉरंटी, सगळं घेतलं म्हणाले.

"एवढं कशाला, काका?"

काकांनी आवाज खाली आणला. "अरे, बिचाऱ्याची नोकरी गेली असती. वर कॅमेरा होता ना!"